डिस्नेलँडची जादू ओसरते आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालेले डिस्नेलँड मराठी कुटुंबांना आता परके राहिलेले नाही. अमेरिकेत स्थायिक झालेली मुले भारतातून आलेल्या आईवडिलांना तिथे हौसेने नेतात, आणि मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या अमेरिकेच्या सहलींत त्यासाठी एक दिवस राखून ठेवलेला असतो. गेल्या काही वर्षांत मात्र जाऊन आलेल्यांच्या बोलण्यात ‘आता पूर्वीसारखे राहिले नाही’ हा सूर वरचेवर ऐकू येतो. त्यात तथ्य किती आणि जाणाऱ्याने काय ध्यानात घ्यावे, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. चर्चा मुख्यतः ॲनाहाइमच्या डिस्नेलँडची आहे. फ्लोरिडा आणि टोकियो येथील उद्यानांचा उल्लेख तुलनेपुरता येतो.

‘जादू राहिली नाही’ ही तक्रार नवी आहे की जुनीच?

तक्रार उद्यानाइतकीच जुनी आहे. उद्घाटनाच्या दिवशीच बनावट तिकिटांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसे आत शिरली, नळजोडणी करणाऱ्या कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे अनेक नळ कोरडे राहिले आणि उन्हाने नवे डांबर इतके मऊ झाले की स्त्रियांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतू लागल्या. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने यांचे निधन झाले, तेव्हा आता हे उद्यान केवळ धंदा होऊन बसेल अशी भीती व्यक्त झाली. त्यानंतरच्या प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणीचे डिस्नेलँड हेच खरे वाटत आले आहे.

म्हणून आजची तक्रार केवळ स्मरणरंजन म्हणून झटकून टाकावी, असे मात्र मला वाटत नाही. पूर्वीची खंत बहुधा अमुक राईड काढली, तमुक दुकान बंद केले, अशी असे. आजची खंत आत आलेल्या माणसाला कसे वागवले जाते याविषयी आहे, आणि ती अधिक गंभीर आहे.

मुळात ती जादू कशात होती?

वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये चक्राकार फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसवायला नेत आणि स्वतः बाकावर बसून राहत. आईबाप आणि मुले यांना एकत्र मजा करता येईल अशी जागा असली पाहिजे, हा विचार तिथे सुचला, असे ते सांगत. डिस्नेलँडचा सारा आराखडा या एका विचारातून निघाला आहे.

उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घातला आहे आणि त्यावरून आगगाडी फिरते. त्यामुळे आत गेल्यावर बाहेरचे शहर शक्यतो दृष्टीस पडत नाही. प्रवेश केल्यावर लागणाऱ्या मेन स्ट्रीटवरच्या इमारती नीट पाहाव्यात. त्यांचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाने बांधले आहेत, त्यामुळे इमारती उंच भासतात, पण अंगावर येत नाहीत. रस्त्याच्या टोकाला दिसणारा राजवाडा जेमतेम ७७ फूट उंच आहे. फ्लोरिडातला १८९ फुटी राजवाडा पाहून आलेल्यांना तो चिमुकला वाटतो, पण लहान मुलाच्या नजरेला तो अगदी योग्य मापाचा आहे. त्याच रस्त्यावरच्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर वॉल्ट डिस्ने यांचे छोटेसे बिऱ्हाड होते. तिथल्या खिडकीतला दिवा त्यांच्या आठवणीसाठी आजही लावलेला असतो.

या बारकाव्यांमागे एक आश्वासन होते. एकदा आत आलात की कशाचीही विवंचना करू नका, तुमची काळजी आधीच घेतलेली आहे, हे ते आश्वासन. माझ्या मते जादू यातच होती. बांधकामातला हा जिव्हाळा आजही शाबूत आहे, पण विवंचना मात्र परत आली आहे.

तिकीट खरोखरच आवाक्याबाहेर गेले आहे का?

तुलना जपून करावी लागते. १९५५ मध्ये मोठ्या माणसाला प्रवेश एका डॉलरला होता हे खरे, पण राईडचे पैसे वेगळे पडत. त्यासाठी लवकरच तिकिटांची पुस्तिका निघाली, आणि १९५९ पासून सर्वांत आकर्षक राईडसाठी ‘ई’ तिकीट लागू लागले. सगळ्या राईडचा समावेश असलेले एकच तिकीट घेण्याची पद्धत १९८२ मध्ये पक्की झाली. त्यामुळे ‘एका डॉलरचे दोनशे डॉलर झाले’ हे म्हणणे अर्धवट आहे.

तरीही वाढ महागाईच्या कितीतरी पुढे गेली आहे. १९५५ चा एक डॉलर आजच्या सुमारे अकरा-बारा डॉलरांच्या बरोबरीचा धरता येईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका उद्यानाच्या एका दिवसाच्या तिकिटाचा कमाल दर २०६ डॉलर झाला. किमान दर १०४ डॉलरच राहिला, पण त्या दराचे दिवस थोडे असतात आणि ते शाळांच्या सुट्ट्यांत क्वचितच येतात. कमाल दराच्या दिवशी चौघांना नुसत्या प्रवेशासाठी ८२४ डॉलर पडत, म्हणजे डॉलरचा दर ८५ रुपये धरला तरी सुमारे सत्तर हजार रुपये. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, आणि नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना मिळणारी सवलत नाममात्र आहे.

डिस्ने कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी मार्च २०२३ मध्ये गुंतवणूकदारांसमोर, नफा वाढवण्याच्या भरात काही किमती ठरवताना आपण जरा जास्तच आक्रमक झालो असू, अशा अर्थाची कबुली दिली होती. दरवाढ त्यानंतरही थांबलेली नाही.

पूर्वीचा फास्टपास आणि आताची लायटनिंग लेन यांत फरक काय?

सगळ्या नाराजीचे मूळ इथेच आहे, म्हणून हे सविस्तर सांगितले पाहिजे.

फास्टपास १९९९ मध्ये आला. राईडजवळच्या यंत्रात तिकीट घातले की एक कागदी चिठ्ठी मिळे. तीवर छापलेल्या वेळात परत यायचे आणि आखूड रांगेतून आत जायचे. त्यासाठी जादा पैसे पडत नसत. डिस्नेलँडमध्ये २०१७ पासून हीच सोय फोनवर हवी असल्यास दहा डॉलर आकारले जाऊ लागले, पण कागदी चिठ्ठी मोफतच राहिली. करोनाकाळात उद्यान वर्षाहून अधिक काळ बंद होते. ते उघडल्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये जिनी प्लस ही आखूड रांगेची सशुल्क सोय आली आणि मोफत चिठ्ठी कायमची गेली. सुरुवातीला माणशी दिवसाला वीस डॉलर घेत. जुलै २०२४ मध्ये तिचे नाव लायटनिंग लेन मल्टी पास झाले. सर्वांत लोकप्रिय राईडपैकी एखादीसाठी त्यावर आणखी वेगळे पैसे मोजावे लागतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रीमियर पास आला, ज्यात वेळ ठरवण्याचीही गरज नाही, हवे तेव्हा जावे. आरंभी त्याची किंमत माणशी दिवसाला ४०० डॉलर होती, आणि ती तिकिटाखेरीज.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते राईडच्या तोंडाशी, जिथे दोन रांगा एकत्र येतात तिथे उभे राहिल्यावर कळते. एक कर्मचारी तिथे दोन्हींकडचे लोक आत सोडत असतो. पैसे भरलेल्यांना ठरल्या वेळी आत घेणे भाग असल्याने त्यांच्या बाजूचे बरेच लोक जातात आणि मग साध्या रांगेतले थोडे. पोराला खांद्यावर घेऊन तासभर उभा असलेला बाप हे डोळ्यांसमोर पाहत असतो, आणि ‘ते आपल्या आधी का गेले?’ या मुलाच्या प्रश्नाला त्याला उत्तर द्यावे लागते. राईडची क्षमता ठरलेली असते. एका बाजूने वेग विकला की दुसऱ्या बाजूची रांग तेवढी रेंगाळणारच.

आपल्याकडे पंगतीत कोणीही शेजारी बसो, पान सगळ्यांना सारखेच वाढले जाते आणि यजमानाची शोभा त्यातच असते. डिस्नेलँडच्या रांगेत बरीच वर्षे तेवढी बरोबरी होती. ती गेल्याचे दुःख तिकिटाच्या दरापेक्षा मोठे आहे.

मोफत फास्टपास निर्दोष होता, असेही नाही. सकाळी दार उघडताच जो पळू शकेल आणि ज्याला पद्धत ठाऊक असेल, त्याचा फायदा होई. पहिल्यांदा आलेले परदेशी कुटुंब मागेच राहत असे. पण त्या विषमतेला किंमत लावलेली नव्हती.

कंपनी असे का करते? गर्दी वाढली म्हणून का?

गर्दीचे कारण पुरेसे पटत नाही. उद्योगक्षेत्रातील प्रसिद्ध अंदाजांनुसार डिस्नेलँडला २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ८७ लाख आणि २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ७२ लाख लोक आले. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या डिस्ने उद्यानाचा आकडा याच काळात सुमारे २ कोटी १० लाखांवरून १ कोटी ७७ लाखांवर आला. माणसे कमी झाली, पण माणशी खर्च वाढला. चित्रवाणी वाहिन्यांचे उत्पन्न घटत असताना उद्याने हा कंपनीचा मोठा आधार बनला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने उद्याने आणि सागरी सहलींची जहाजे यांवर दहा वर्षांत सुमारे ६० अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले, म्हणजे मिळकतीचा काही भाग परत तिथेच जातो आहे, हे मान्य केले पाहिजे.

स्मार्टफोनशिवाय फिरता येते का?

येते, पण अडखळत. लायटनिंग लेनची वेळ ठरवणे, जेवण मागवणे, रांग किती मिनिटांची आहे ते पाहणे, हे सगळे ॲपवर होते. त्यामुळे घरातली एक व्यक्ती, बहुधा आई किंवा थोरली लेक, दिवसभर मान खाली घालून फोन हाताळत राहते आणि तिचा दिवस तसाच संपतो. आईबापांनाही मुलांबरोबर मजा यावी या मूळ हेतूच्या हे थेट विरुद्ध आहे. मल्टी पास घ्यायचाच असेल तर घरातल्यांनी ही जबाबदारी दोन-दोन तासांनी आपसांत बदलून घ्यावी.

जुन्या राईड काढून टाकल्यामुळे जादू गेली का?

सरसकट तसे म्हणता येणार नाही. हे उद्यान कधीच पूर्ण होणार नाही, ते वाढतच राहील, ही वॉल्ट डिस्ने यांचीच भूमिका होती, आणि त्यांनी स्वतः अनेक गोष्टी काढून नव्या आणल्या.

स्प्लॅश माउंटन या पाण्याच्या राईडचे उदाहरण घ्या. तिचे कथानक १९४६ च्या ज्या चित्रपटावर बेतलेले होते, त्यातील कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे कंपनीनेच तो अमेरिकेत घरी पाहण्यासाठी कधी विक्रीला आणला नाही. ॲनाहाइममधली ही राईड मे २०२३ च्या अखेरीस बंद झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच मार्गावर टियाना या कृष्णवर्णीय राजकन्येची राईड सुरू झाली. अनेकांना हे रुचले नाही. मला बदल योग्य वाटतो, कारण शेवटची उडी आणि अंगावर येणारे पाणी तेच आहे, आणि ज्यांच्या पूर्वजांची टिंगल झाली त्यांची मुलेही आता निःशंक मनाने नावेत बसू शकतात.

फ्लोरिडात जे झाले ते मात्र जिव्हारी लागते. तिथल्या मॅजिक किंगडममधली नदी, तिच्यावर फिरणारी चाकाची बोट आणि मधले बेट हे सारे जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आले. तिथे मोटारींच्या चित्रपटमालिकेवर आधारित नवा विभाग होणार आहे. त्या नदीकाठी करण्यासारखे काहीच नव्हते, आणि तेच तिचे मोल होते. दमलेल्या आजोबांनी झाडाखाली बसावे आणि मुलांनी बेटावरच्या गुहांत हुंदडावे, अशा मोकळ्या जागेचा हिशेब ताळेबंदात मांडता येत नाही, म्हणूनच ती आधी जाते. ॲनाहाइमची नदी अजून आहे, आणि मार्क ट्वेन ही १९५५ ची बोटही तिच्यावर फिरते.

टुमॉरोलँड या विभागाकडे झालेले दुर्लक्ष मला अधिक खटकते. तिथली पीपलमूव्हर ही डोक्यावरून संथ फिरणारी गाडी १९९५ मध्ये बंद झाली. तिचा मार्ग रिकामाच उभा आहे. भविष्याचे स्वप्न दाखवणाऱ्या विभागात सर्वांत ठळक दिसणारी वस्तू बंद पडलेला मार्ग असावा, हे या उद्यानाला शोभत नाही.

आता सगळेच चित्रपटांवर आधारलेले असते, ही टीका खरी आहे का?

बऱ्याच अंशी खरी आहे. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन (१९६७) आणि हाँटेड मॅन्शन (१९६९) या राईड कुठल्याही चित्रपटावरून घेतलेल्या नव्हत्या. उलट त्यांच्यावरून पुढे चित्रपट निघाले. आज नवी राईड मंजूर व्हायची तर बहुधा आधी एखादे गाजलेले नाव लागते. कारागिरी मात्र घसरलेली नाही. २०१९ मध्ये उघडलेला स्टार वॉर्सचा विभाग ज्याने तो चित्रपट पाहिलेला नाही अशालाही थक्क करतो.

कर्मचाऱ्यांच्या वागण्यात फरक पडला आहे का?

तिथले कर्मचारी आजही अतिशय आपुलकीने वागतात. रडणाऱ्या मुलापाशी गुडघ्यावर बसून बोलणारा झाडूवाला ही तिथली रोजची गोष्ट आहे. पण त्या आपुलकीचा मोबदला त्यांना पुरेसा मिळतो का, हा प्रश्न गेली काही वर्षे उघडपणे विचारला जातो. जुलै २०२४ मध्ये ॲनाहाइममधील सुमारे १४,००० कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संपाच्या बाजूने मतदान केले. संप न होता समझोता झाला आणि किमान वेतन ताशी २४ डॉलरवर गेले. त्याआधी मे महिन्यात, मिकी किंवा राजकन्या यांच्या वेशात वावरणाऱ्या कलाकारांनीही संघटना स्थापण्याच्या बाजूने कौल दिला होता. जादू टिकवण्यावर पैसा खर्च करायचाच असेल तर तो आधी या माणसांवर व्हायला हवा.

टोकियोचे डिस्नेलँड यापेक्षा चांगले आहे, असे म्हणतात. ते खरे का?

दर्जाच्या बाबतीत बहुतेक जाणकार तसेच म्हणतात. १९८३ मध्ये सुरू झालेले ते उद्यान डिस्नेच्या मालकीचे नाही. ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी परवाना घेऊन ते चालवते. ऑक्टोबर २०२३ पासून तिथे मोठ्यांचे तिकीट दिवसानुसार ७,९०० ते १०,९०० येन झाले, म्हणजे तिथला महागातला महाग दिवसही ॲनाहाइमच्या स्वस्त दिवसापेक्षा स्वस्त पडत असे. मात्र पैसे देऊन रांग चुकवण्याची सोय तिथेही २०२२ मध्ये आली आहे.

आपल्याकडच्या माणसाला तिथे आपले काही दिसते का?

थोडे दिसते. इट्स अ स्मॉल वर्ल्ड या नावेच्या राईडमध्ये ताजमहाल आहे, आणि शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर उद्यानात वर्षअखेरीच्या उत्सवात नाताळाबरोबर दिवाळीचे नृत्यही होत आले आहे. फ्लोरिडातील एपकॉट या डिस्ने उद्यानात अकरा देशांची दालने आहेत. त्यांत भारत नाही, ही उणीव १९८२ पासून तशीच आहे.

आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असतील, आणि फार खर्च करायचा नसेल, तर दिवस कसा घालवावा?

दार उघडण्याआधी पोहोचावे, हा सर्वांत फळणारा उपाय आहे. पहिल्या दीड तासात साध्या रांगेतून जेवढे पाहून होते, तेवढे दुपारी तिप्पट वेळ घालवूनही होत नाही. सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळता आले तर टाळावेत. जानेवारीच्या उत्तरार्धातले मधले वार सर्वांत सुसह्य असतात.

दुपारच्या गर्दीत मोठ्या राईडच्या मागे लागू नये. तो वेळ बसून पाहण्याच्या गोष्टींसाठी ठेवावा. उद्यानाभोवतीच्या आगगाडीची एक फेरी आजी-आजोबांना हमखास आवडते. तीत ग्रँड कॅन्यनचा देखावा आणि डायनोसॉरही लागतात. एन्चँटेड टिकी रूम हा १९६३ चा गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांचा खेळ सावलीत, बसून आणि सहसा फार थांबावे न लागता पाहता येतो. मार्क ट्वेन बोटीच्या वरच्या मजल्यावर वारा लागतो. यांपैकी कशालाही लायटनिंग लेन लागत नाही.

बाहेरचे खाणे आत नेऊ देतात. काचेची बाटली आणि मद्य तेवढे चालत नाही. त्यामुळे दशम्या, थेपले, चिवडा खुशाल न्यावा, आणि पिण्याचे पाणी खाण्याच्या काउंटरवर मागितल्यास पेल्यात मोफत मिळते. तान्हे मूल असेल तर आईबापांनी आळीपाळीने राईड घेण्याची सोय रांगेच्या तोंडाशी विचारावी. दुसऱ्याला पुन्हा साध्या रांगेत उभे राहावे लागत नाही. इंडियाना जोन्सच्या राईडची रांग मात्र चुकवूच नये. तिथल्या भिंतींवर कोरलेल्या खुणा म्हणजे अक्षरे आहेत, आणि त्या लावून वाचण्यात मोठ्या मुलांचा अर्धा तास सहज जातो.

आपली नाराजी कळवल्याने काही उपयोग होतो का?

होतो, हे अलीकडच्या घडामोडींवरून दिसते. फ्लोरिडातील हॉटेलांत राहणाऱ्यांकडून २०१८ पासून रात्रभर गाडी ठेवण्याचे पैसे घेत असत. ओरड झाल्यावर जानेवारी २०२३ मध्ये ते बंद झाले. तिकीट काढल्यावरही उद्यानासाठी वेगळे आरक्षण करण्याची करोनाकाळातली सक्ती फ्लोरिडातील तारीखवार तिकिटांपुरती जानेवारी २०२४ पासून उठली. भेटीनंतर कंपनी बहुतेकांना ईमेलवर प्रश्नावली पाठवते आणि आपल्याकडचे लोक ती सहसा न उघडताच काढून टाकतात. ती भरावी. ‘सगळे महाग आहे’ एवढेच न लिहिता कोणत्या राईडला किती वेळ थांबावे लागले, वडीलधाऱ्यांना बसायला जागा कुठे मिळाली नाही, कोणत्या कर्मचाऱ्याने मदत केली, हे नेमके लिहावे. कर्मचाऱ्याच्या बिल्ल्यावरचे नाव आणि वेळ दिल्यास ती दाद त्याच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचवली जाते.